वेकोलिचं जमीन-मोबदला पॅकेज: दोन एकरवाल्याला बरं, भूमिहीनाला कोरडं

वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत वेकोलि, कोळशासाठी जमीन घेताना पैसे, नोकरी आणि घराची जागा असं जे पॅकेज देते, त्याचं हे परीक्षण. वणी, भद्रावती, राजुरा, चंद्रपूर, उमरेड या पट्ट्यात ज्या गावांची नावं राजपत्रात आली आहेत किंवा येण्याची चिन्हं आहेत, त्यांच्यासाठी ते लिहिलं आहे. पॅकेज घ्यावं की नाही हा प्रश्न इथे नसतो, कारण १९५७ च्या कोळसा क्षेत्र संपादन कायद्याखाली (बोलताना 'सीबीए') जमीनमालकाची संमती लागतच नाही. त्यामुळे पॅकेजमध्ये काय आहे, ते पूर्ण कसं पदरात पाडायचं आणि त्यात कोण धरलेलंच नाही, एवढंच पाहण्यासारखं उरतं.

आधी निवाडा. सातबारा स्वच्छ, जमीन दोन एकरांच्या वर, घरात एक धडधाकट तरुण: अशा कुटुंबाला हे पॅकेज कोरडवाहू कापूस-सोयाबीनपेक्षा जास्त आणि जास्त खात्रीचं उत्पन्न देतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. दीड एकरवाल्याला ते अर्धवट पुरतं. सालदार, बटईदार, निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया, गायकी (गुरं राखणारे), गावातला सुतार-लोहार यांच्या हाती त्यातलं फार थोडं लागतं. खाणीला लागून असलेल्या पण न घेतलेल्या गावाला तर काहीच नाही.

जमिनीच्या किमतीपासून सुरुवात करू. १९५७ च्या कायद्याची स्वतःची मोबदल्याची पद्धत तोकडी होती. केंद्राच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशानंतर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या पहिल्या तीन अनुसूची कोळशाच्या संपादनालाही लागू झाल्या. म्हणजे बाजारमूल्य, त्याला ग्रामीण भागात १ ते २ मधला गुणक, आणि त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. समजा बाजारमूल्य एकरी ३ लाख धरलं आणि गुणक २ लागला, तर ६ लाख आणि दिलासा मिळून १२ लाख. तेच बाजारमूल्य २ लाख धरलं गेलं तर ८ लाख. मूळ आकड्यातला एक लाख शेवटी चार लाखांचा फरक पाडतो, म्हणून सगळं लक्ष मूळ आकड्यावर हवं. तो ठरतो रेडी रेकनरचा दर आणि आधीच्या तीन वर्षांतली परिसरातली खरेदीखतं यांवरून. खतांपैकी जास्त किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी काढतात आणि दोन्हींत जो आकडा मोठा असेल तो धरतात. मुद्रांक वाचवायला गावानं वर्षानुवर्षं कमी किमतीची खतं केलेली असतील, तर त्याचा भुर्दंड संपादनाच्या वेळी सगळ्या गावाला बसतो. परिसरातलं एखादं खत जास्त किमतीचं असूनही यादीत धरलेलं नसेल, तर त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून हरकतीला जोडा. हे काम गावानं मिळून केलं तर खर्च थोडा आणि फायदा सगळ्यांचा.

गेल्या दशकात वेकोलिच्या महाराष्ट्रातल्या प्रकल्पांत एकरी ठरावीक दरही चालले: पडीतला ६ लाख, कोरडवाहूला ८ लाख, ओलिताला १० लाख. अशा दरपत्रकात ओलीत की कोरडवाहू यावर एकरी दोन लाख ठरतात. वावरात विहीर आहे, पंप चालतो, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही आणि पीकपाहणीत दरसाल नुसता कोरडवाहू कापूस लागलेला, ही गत या भागात सर्रास दिसते. ओलिताचा पुरावा म्हणून तीन गोष्टी चालतात: सातबाऱ्यावरची विहिरीची नोंद, कृषिपंपाचं वीजबिल आणि पीकपाहणीतलं रब्बीचं पीक. ई-पीक पाहणी आता शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची असते. ती एक हंगामही चुकवू नका. संयुक्त मोजणीच्या दिवशी धुऱ्यावर उभं राहून विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडं, सागाची झाडं, गोठा, कुंपण हे सगळं मोजणीपत्रकात आलं की नाही ते पाहा आणि मगच सही करा. मोजणी झाल्यावर झाडं वाढवून घेणं फार अवघड.

आता नोकरी, जी या पॅकेजची खरी ताकद आहे. वेकोलिची मूळ कंपनी असलेल्या कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. नोकरी नको असेल किंवा बसत नसेल, तर तिच्याऐवजी एकरी ५ लाख, क्षेत्राच्या प्रमाणात आणि किमान ५० हजार; ही रक्कम जमिनीच्या किमतीहून वेगळी. नोकरी लागते ती बहुधा जनरल मजदूर, कॅटेगरी-१ म्हणून. राष्ट्रीय कोळसा वेतन करार लागू (अकरावा करार १ जुलै २०२१ पासून), भविष्य निधी, पेन्शन, कुटुंबाला दवाखाना, क्वार्टर मिळण्याची शक्यता. नुसती रोख आणि नोकरी यांत निवड करायची असेल आणि घरात पात्र माणूस असेल, तर आमच्या मते नोकरीच घ्यावी. दोन एकरांच्या बदल्यात दहा लाख हा आकडा कानाला मोठा लागतो, पण पंचवीस-तीस वर्षांच्या पगारासमोर तो टिकत नाही. आणि एकरकमी पैसा लग्नं, गाडी, घर आणि जुनं कर्ज यांत दोन-चार वर्षांत जिरलेला या पट्ट्यातल्या गावागावांत दिसतो.

दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, म्हणून तिथे ०.७९ दिसत असेल तर तुम्ही दोन एकरांच्या आत आहात, मग गावात सगळे 'दोन एकर' म्हणोत. दोन-तीन आरांवर नोकरी अडते अशी प्रकरणं याच ठिकाणी तयार होतात. म्हणून सर्वांत आधी क्षेत्र तपासा: सातबारा, ८-अ आणि भूमी अभिलेखच्या मोजणीतलं क्षेत्र यांत तफावत आहे का, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा दाखवून वजा केला आहे का, पांदणीला किंवा कालव्याला पूर्वी गेलेला तुकडा अजून तुमच्याच नावावर आहे की निघाला आहे. ही दुरुस्ती अधिसूचनेच्या आधी तहसीलमध्ये होते. नंतरही होते, पण मग प्रत्येक कागदाकडे संशयानं पाहिलं जातं. तीच गोष्ट वाटणीची. चार भावांत सात एकर, सातबारा अजून वडिलांच्या नावावर आणि वडील दहा वर्षांपूर्वी गेलेले: वारस फेरफार आजच घ्या. अधिसूचना निघाल्यावर केलेली वाटणी किंवा खरेदी नोकरीसाठी धरली जाईल असं गृहीत धरू नका. जमिनीचे तुकडे पाडून नोकऱ्या वाढवण्याचे प्रकार झाल्यामुळे कार्यालय या बाबतीत कडक असतं, आणि खरी वाटणी केलेलाही त्यात भरडला जातो.

दोन एकरांच्या आतल्यांसाठी धोरणात एक वाट आहे. अनेकांनी जमीन एकत्र धरून दोन एकरांचा गट करायचा आणि त्यातल्या एकाला नोकरीसाठी नामांकित करायचं. कल्पना चांगली, पण अडतं ते गटाच्या आतल्या व्यवहारात. नोकरी एकाला, बाकीच्यांना जमिनीची किंमत तेवढी. मग नोकरीवाला बाकीच्यांना काही रक्कम देईल असं तोंडी ठरतं, आणि पहिला पगार हाती पडल्यावर ते तोंडी ठरलेलं विरून जातं. रक्कम, हप्ते, बँक खातं आणि हप्ता चुकल्यास काय, हे वकिलाकडून लिहून घ्या. नात्यातल्या माणसांत लिखापढी वाईट दिसते म्हणतात. पण न लिहिल्यामुळे तुटलेली नाती त्याहून वाईट.

नामांकन झाल्यावर वैद्यकीय तपासणी लागते, खाण नियमांतल्या फॉर्म-ओ प्रमाणे. दृष्टी, रंग ओळखणं, ऐकू येणं, रक्तदाब, छातीचा एक्स-रे. एकदा अनफिट ठरलं की फेरतपासणी किंवा दुसऱ्याचं नामांकन, आणि त्यात महिने निघून जातात. नामांकनाआधीच जिल्हा रुग्णालयात डोळे आणि छाती तपासून घ्यावी. रंगांधळेपणा कित्येकांना स्वतःला माहीत नसतो.

मुलींबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कुटुंबाचं नुकसान इथे सर्वांत गुपचूप होतं. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाएवढाच आहे. भावाचं क्षेत्र दोन एकर व्हावं म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं. शेतजमीन असताना हक्क सोडला तरी माहेर म्हणून काहीतरी उरत होतं, सणाला जाणं, तुरीचं पोतं येणं. खाणीत जमीन गेली की तेही संपतं, आणि मोबदल्याच्या यादीत तिचं नाव नसतं. हक्क सोडायचा असेल तर फक्त नोकरीच्या नामांकनाला संमती द्या. जमिनीच्या पैशातला हिस्सा वेगळा ठेवा. या दोन गोष्टी वेगळ्या कागदावर होऊ शकतात. एकाच कागदात सगळं सोडून देण्याची घाई बहुतेक वेळा दलालाची असते, भावाची नसते.

कायद्याचा क्रम थोडक्यात, कारण तारखा हुकल्या की हक्कच हुकतात. कलम ४ ची अधिसूचना म्हणजे इथे कोळसा शोधायचा आहे. ती दोन वर्षं टिकते आणि एक वर्ष वाढू शकते. कलम ७ म्हणजे घ्यायचा इरादा. त्यानंतर ३० दिवसांत कलम ८ खाली हरकत घेता येते. कलम ७ पासून तीन वर्षांच्या आत कलम ९ ची घोषणा झाली पाहिजे. ती झाली की कलम १० प्रमाणे जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे आणि तिथून कलम ११ खाली कंपनीकडे जाते. हे सगळं भारताच्या राजपत्रात छापून येतं, गावच्या चावडीवर लागेलच असं नाही. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर कोळसा मंत्रालयाच्या अधिसूचना पाहण्याची जबाबदारी गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरावर सोपवा. गट क्रमांकांची पूर्ण यादी तिथे असते. मोबदला कमी वाटत असेल तर रक्कम घेताना निषेध नोंदवूनच घ्या, तसं लेखी द्या आणि पोच ठेवा. कलम १४ च्या न्यायाधिकरणापुढे जायची वाट त्यामुळे उघडी राहते, आणि तिथून पुढे उच्च न्यायालयात अपील करता येतं. निमूटपणे घेतलेली रक्कम म्हणजे मान्य केलेली रक्कम.

या क्रमातला सर्वांत वाईट भाग मधल्या वर्षांचा आहे, आणि पॅकेज त्याबद्दल गप्प आहे. घोषणा झाली पण ताबा घेतला नाही, अशी स्थिती वर्षानुवर्षं चालते. त्या काळात जमीन विकता येत नाही, पीककर्ज द्यायला बँक कां-कूं करते, शेततळं किंवा ठिबकचं अनुदान अडतं, घर वाढवावं तर मोबदल्यात धरतील की नाही ठाऊक नाही. लग्नाच्या पोराला स्थळं येत नाहीत, कारण हे कुटुंब पुढच्या वर्षी कुठे असेल हे कुणीच सांगू शकत नाही. कंपनीला काही एक मागायचंच असेल तर ताब्याचा टप्प्याटप्प्यानं लेखी कार्यक्रम मागा: कोणता गट कोणत्या वर्षी. खाणीच्या आराखड्यात वर्षवार खोदाईचा नकाशा असतोच, त्यामुळे हे मागणं अवाजवी नाही.

घराकडे येऊ. विस्थापित कुटुंबाला १०० चौरस मीटरचा भूखंड, घराचा मोबदला, सामान हलवायचा खर्च आणि एक वर्ष दरमहा २५ दिवसांच्या शेतमजुरीएवढा निर्वाह भत्ता. भूखंड नको असेल तर त्याबदल्यात एकरकमी ३ लाख. १०० चौरस मीटर म्हणजे साधारण १,०७६ चौरस फूट. शहरातल्या वाचकाला हे पुरेसं वाटेल. गावातल्या घराला मात्र पुढे अंगण, मागे गोठा, एका बाजूला कुटाराचा ढीग, बैलगाडी उभी करायची जागा, न्हाणी, आणि पावसाळ्यात सरपण ठेवायला छप्पर लागतं. १०० चौरस मीटरमध्ये घर बसतं, ढोरं बसत नाहीत. म्हणून नव्या वस्तीत जाण्याआधीच ढोरं विकली जातात, आणि जमीन गेल्यावरही जे दूध-शेणाचं उत्पन्न राहू शकलं असतं तेही जातं. २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत गोठ्यासाठी किंवा छोट्या दुकानासाठी किमान २५ हजारांची तरतूद आहे. ती वेगळी मागावी लागते, आपोआप येत नाही. ज्या गावांनी एकमुखानं शेजारच्या जागेत सामायिक गोठ्याचा पट्टा मागितला त्यांचं गाऱ्हाणं निदान कागदावर आलं. ज्यांनी घराघरानं मागितलं त्यांचं तेही नाही.

नव्या वस्तीत काय काय असायला हवं, ते कोल इंडियाच्या धोरणात स्पष्ट आहे: शाळा, दिव्यांसह रस्ता, पक्की नाली, तलाव, पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर, समाजमंदिर, देवस्थान, दवाखाना, चराई आणि खेळाचं मैदान. बांधकाम बहुधा होतं. बिघडतं ते त्यानंतर. रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल कोणी भरायचं, पाण्याच्या मोटरचं कोणी, नाली तुंबली तर कोणी, यावर कंपनी आणि ग्रामपंचायत एकमेकांकडे बोट दाखवतात. वस्ती गावठाण म्हणून घोषित झालेली नसेल तर घरकुल योजना अडते, घरावर कर्ज मिळत नाही, ग्रामपंचायतीला करही धड लावता येत नाही. हलण्याआधी तीन कागद हातात असले पाहिजेत: भूखंडाचा मालकी हक्काचा दस्त (नुसती ताबापावती नव्हे), वस्तीचा गावठाणाचा आदेश, आणि सुविधा किती वर्षं कंपनी चालवणार याचा करार. चराई मात्र बहुतेक ठिकाणी यादीतच राहते. वणीकडची ई-क्लास (गावाची सरकारी चराऊ जमीन) आणि चंद्रपूरकडचं झुडपी जंगल हे कुणाच्या सातबाऱ्यावर नसतं, त्यामुळे ते गेलं तर मोबदला मागायला कुणी उभं राहत नाही. जमीन सरकारची, आणि चाऱ्याची तूट गावाची. तिथे वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा आधीच दाखल असेल तर गावाचं म्हणणं कायद्याच्या चौकटीत येतं.

आता ज्यांच्यासाठी हे परीक्षण मुख्यतः लिहिलं त्यांच्याविषयी. पॅकेज सातबारा वाचतं. गाव मात्र सातबाऱ्यापलीकडच्या माणसांवर चालत होतं. दहा एकरवाल्याचं वावर गेलं की त्याला किंमत आणि नोकऱ्या मिळतात. त्याच वावरात जूनमध्ये डोबायला (बी टोकायला), जुलै-ऑगस्टमध्ये निंदायला आणि दिवाळीपासून पुढे कापूस वेचायला येणाऱ्या बायांचं वर्षाचं काम एका सहीनं संपतं. त्या सहीच्या वेळी त्यांना कुणी बोलावलेलंही नसतं. खाणीतलं नवं काम पुरुषांचं आहे: टिप्पर, डंपर, डोझर, वेल्डिंग, सुरक्षा. म्हणजे भूमिहीन घरातलं बाईचं उत्पन्न जातं, आणि पुरुषाला काम मिळालंच तर घर त्या एकाच कमाईवर येतं. दारूचं दुकान त्याच रस्त्यावर असतं. कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, गावांत बचत गटाच्या बायांचा पहिला ठराव दारूविरुद्ध का असतो ते यावरून कळावं.

कायद्यात त्यांना जागा आहे, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१३ च्या कायद्यातली 'बाधित कुटुंबा'ची व्याख्या जमीनमालकापुरती नाही. संपादनाआधी तीन वर्षं त्या भागात शेतमजूर, कूळ, बटईदार किंवा कारागीर म्हणून काम करणारं आणि त्यावरच मुख्यतः पोट असणारं कुटुंबही त्यात बसतं. कारागीर, छोटे व्यापारी आणि स्वयंरोजगारवाल्यांसाठी किमान २५ हजारांचं अनुदान वेगळं. कोल इंडियाचं धोरणही बटईदार, भूमिहीन आणि वनोपजावर जगणाऱ्यांना बिगरशेती व्यवसायासाठी मदत आणि ठेकेदाराकडे कामात प्राधान्य देण्याची भाषा बोलतं. पण हे सगळं मिळतं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणाच्या यादीत नाव असेल तरच. सर्वेक्षणाची माणसं येतात दुपारी, आणि मजूर तेव्हा वावरात असतो. घर बंद दिसलं की पुढचं घर. म्हणून ग्रामसभेनं स्वतःची यादी आधी करावी: कुटुंबप्रमुख, राबणारी सगळी माणसं, कोणाच्या शेतात किती वर्षं, आणि पुरावा म्हणून मतदार यादी, रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, मुलांचा शाळेचा दाखला. बटईदाराकडे कागद नसतोच. तिथे मालकाचं लेखी निवेदन घ्या. मालक आपला मोबदला कमी होईल म्हणून घाबरतो. पण बटईदाराचं नाव आल्यानं मालकाच्या जमिनीच्या किमतीत किंवा नोकरीत घट होत नाही, हे त्याला समजावून सांगा. ग्रामसभेच्या ठरावासह यादी वेकोलिचं एरिया ऑफिस, तहसीलदार आणि जिल्हाधिकारी तिघांना द्या आणि पोच घ्या.

ठेकेदारी कामाबद्दल. खुल्या खाणीत माती काढणं आणि कोळसा वाहणं यांचा मोठा भाग आता ठेक्यावर आहे, म्हणून भूमिहीन तरुणाला मिळेल ते काम तिथलंच. आत जायला व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचा (व्हीटीसी) दाखला आणि वैद्यकीय तपासणी लागते. चालकाला जड वाहनाचा परवाना. परवान्याला वेळ लागतो, म्हणून संपादनाची कुणकुण लागताच तो काढायला घ्या. खाण सुरू झाल्यावर काढायला गेलात तर बाहेरून आलेला चालक जागा घेऊन बसलेला असतो. कोल इंडियाच्या खाणकामात ठेका मजुराला उच्चाधिकार समितीनं ठरवलेली मजुरी (एचपीसी दर) लागू होते, ती साध्या किमान वेतनाहून जास्त आहे. दर महिन्याला वेतनचिठ्ठी आणि कोळसा खाण भविष्य निधीचा क्रमांक मागा. पूर्ण मजुरी बँकेत टाकून त्यातली काही रक्कम रोख परत मागण्याचा धंदा या क्षेत्रात चालतो. एकट्यानं तक्रार केली तर काम जातं, पाळीतल्या सगळ्यांनी मिळून केंद्रीय कामगार आयुक्तांच्या कार्यालयात केली तर दाद लागण्याची आशा राहते.

शेजारच्या गावांचं काय? हद्दीच्या पलीकडे असल्यामुळे त्यांना पॅकेज नाही, आणि त्रास मात्र पूर्ण. पहिली धूळ. कोळशाची वाहतूक होते त्या रस्त्याकाठची पऱ्हाटी काळी पडते, आणि असा कापूस व्यापारी हलक्या प्रतीत टाकतो. तलाठी आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा वेचणीच्या आधी करून घ्यावा लागतो. वेचणीनंतर दाखवायला काही उरत नाही. दुसरं पाणी. खाण खोल जाते तसं तिच्यातलं पाणी उपसतात, आणि भोवतालच्या विहिरींची पातळी खाणीच्या दिशेनं उतरते. पर्यावरण मंजुरीत भूजल पातळी वर्षातून चारदा मोजायची अट असते आणि सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. त्यात तुमच्या गावची विहीर आहे का ते पाहा. नसेल तर गावानं स्वतः दर महिन्याला एकाच तारखेला दोरीनं पाच विहिरींची पातळी मोजून वहीत लिहावी. दोन वर्षांची अशी वही प्रदूषण नियंत्रण मंडळासमोर भाषणापेक्षा जास्त बोलते.

तिसरं ब्लास्टिंग. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषांप्रमाणे कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या घरांपाशी जमिनीचा हादरा कमी वारंवारितेला (८ हर्ट्झच्या खाली) सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ च्या वर जाता कामा नये. ब्लास्टिंगचं धोक्याचं क्षेत्र ५०० मीटर. भिंतीला तडा गेला म्हणून तोंडी ओरडून उपयोग नाही. तारीख, वेळ, तड्याचा पट्टी ठेवून काढलेला फोटो, आणि त्या ब्लास्टच्या वेळी गावात कंपनयंत्र लावलं होतं का हा माहिती अधिकारातला प्रश्न, अशी तक्रार टिकते. मातीच्या भिंतीला तडा लवकर जातो, हे 'घरच जुनं होतं' म्हणून झटकायचं कारण होऊ शकत नाही.

मग ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडांचे, ढिगारे. चंद्रपूरच्या इरई नदीच्या काठावर उभ्या राहिलेल्या ढिगाऱ्यांनी तिचं पूरक्षेत्र आवळलं, आणि ऑगस्ट २००६ च्या पुरानंतर तो प्रश्न शहरात दर मोठ्या पुराला निघतो. ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ माजते, तिथे बिबटे आणि वाघ राहायला येतात. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या लोकांनी २०२२ मध्ये हल्ल्यांच्या रूपात त्याची किंमत मोजली. जुन्या भूमिगत खाणींवरच्या वस्त्यांचं भय वेगळं. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात ऑगस्ट २०२२ मध्ये एक घर जमिनीत गडप झालं आणि आजूबाजूची घरं रिकामी करावी लागली. कॉलरीच्या गावात घर घेताना किंवा बांधताना खाली जुनी खोदाई आहे का याचा नकाशा सबएरिया ऑफिसकडे लेखी मागा.

शेजारच्या गावांना पैसा मिळायची खरी जागा म्हणजे जिल्हा खनिज प्रतिष्ठान. जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम त्यात जमा होते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७० टक्के खर्च पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा प्राधान्याच्या बाबींवर आणि खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतल्या थेट बाधित भागाला झुकतं माप. ग्रामसभेचा ठराव, खाणीपासूनचं अंतर आणि अंदाजपत्रक जोडलेला प्रस्ताव पाठवा. नुसतं निवेदन फाइलमध्ये राहतं.

एक इशारा शेवटी ठेवला, कारण येत्या काळात तोच जास्त लागणार आहे. वर लिहिलेली दोन एकरांमागे नोकरी ही कोल इंडियाची, म्हणून इकडे वेकोलिची. २०२० पासून खासगी कंपन्यांना विक्रीच्या कोळशासाठीही पट्टे लिलावानं मिळत आहेत, आणि त्यांच्यावर हे धोरण बंधनकारक नाही. २०१३ चा कायदा आणि त्यांच्याशी होणारा करार एवढंच तुमच्या हाती. भद्रावतीजवळची बरांजची खाण वेकोलिची नव्हती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोळसा पट्टे रद्द केल्यावर ती काही वर्षं बंद पडली, आणि तिच्या भरवशावर जमीन दिलेल्या कुटुंबांची नोकरी त्याबरोबर थांबली. वेकोलिची एक खाण बंद झाली तर कामगाराची बदली दुसऱ्या खाणीत होते. एका खाणीच्या कंपनीकडे दुसरी खाणच नसते. म्हणून राजपत्रातली अधिसूचना हातात आली की पहिला प्रश्न दराचा विचारू नका. जमीन शेवटी कोणाच्या नावे होणार, नोकरी कोणत्या कंपनीच्या पटावर असणार, आणि खाण बंद पडल्यास पगार कोण देणार, हे तीन प्रश्न जनसुनावणीत लेखी द्या आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात आल्याशिवाय सभागृहातून उठू नका.